कुनैन आणि सात तबकड्या

ती बाई गाणं सुरू करण्याआधी श्वास घ्यायची. तबकडीवर सुई टेकवली की आधी नुसती खरखर, मग सारंगीचा एक लांब ओढलेला सूर, आणि तो सूर संपता संपता हा श्वास. भरलेली घागर उचलण्याआधी बाया घेतात तसा. तबकडी घेतल्यावर पहिलं वर्षभर तो माझ्या ध्यानातही आला नव्हता. पण एकदा कानी पडला आणि त्यानंतर मी ती तबकडी त्या श्वासाची वाट पाहण्यासाठीच लावू लागलो.

कार्तिकातल्या एका संध्याकाळी तो श्वास मला ऐकू आला नाही.

सुई उचलली, पुन्हा टेकवली. खरखर आली, सारंगी आली, पण शेजारच्या गावात वाजत असावी अशी. मग एकदम गाणंच सुरू झालं. तिसऱ्यांदा लावली तेव्हा मी चावीच्या बाज्याच्या भोंग्यात जवळजवळ डोकं घातलं होतं. बायको चुलीपुढून म्हणाली, "आज एकच तुकडा कितींदा लावून राहिले जी?" तिचं बोलणं मला कळलं, पण ते पाण्याखालून यावं तसं आलं, आणि त्याच्यावर एक बारीक किणकिण सारखी चालू होती.

मी तेव्हा देवरीच्या अलीकडे तीन कोसांवर, जंगलाला लागून असलेल्या एका गावात कौन्सिलच्या शाळेत मास्तर होतो. चार वर्ग, एक खोली, एक पडवी आणि मास्तर मी एकटा. महायुद्ध सुरू होऊन काही वर्षं झाली होती. आमच्या गावात त्याची खूण म्हणजे घासलेट मिळत नसे, आणि रस्त्यानं जाणारी मोटार पेट्रोलऐवजी कोळशाच्या धुरावर चाले, चढ आला की उतारूंना उतरून ढकलायला लागे.

बाजा मला आधीच्या रेंजरसाहेबांनी दिला होता. त्यांच्या दोन मुलींना मी वर्षभर घरी जाऊन शिकवलं होतं. बदलीच्या वेळी बैलगाडीत सामान मावेना, तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, हा तुम्ही ठेवा, तुम्ही आमच्या ओसरीवर मुलींपेक्षा याच्याकडेच जास्त बघत होता." ते खरं होतं. बाज्याबरोबर दोन तबकड्या मिळाल्या. बाकीच्या पाच मी सहा वर्षांत एकेक करून गोंदियाहून आणल्या. गावातले लोक त्यांना तवे म्हणत. भाकरीच्या तव्यासारख्या काळ्या आणि गोल, म्हणून तवे. आमच्याकडे पळसाच्या आणि कुसुमाच्या झाडांवर लाख धरतात, ती पोती भरून गोंदियाला जाते. या तबकड्या लाखेच्याच असतात हे मी एकदा पडवीत जमलेल्या माणसांना सांगितलं, तर एका म्हाताऱ्या गोंडानं तबकडी हातात घेतली, हुंगली, आणि "होय" असं म्हणून परत दिली. त्याची खात्री पटली होती.

सातांतल्या दोन मला फारशा आवडत नसत. एक कसल्याशा बँडची होती, आणि दुसरी हसण्याची. तिच्यात एक नवरा-बायको भांडतात आणि शेवटी दोघंही हसत सुटतात, एवढंच. ती बायकोची लाडकी. ती लावली की ती हातातलं काम टाकून यायची, आणि तबकडीवरचे दोघं हसण्याच्या आधीच हिचं हसणं सुरू व्हायचं. माझ्या बाकीच्या गाण्यांना ती "रडका बाजा" म्हणायची. गोंदियाजवळच्या गोरेगावकडच्या शेतकऱ्याची ती मुलगी, गावच्या दंडारीच्या खेळांतली गाणी ऐकत मोठी झालेली. पुढ्यात माणूस नाही आणि गाणं आहे, हा प्रकारच तिला पटत नसे.

उरलेल्या पाच मात्र माझा जीव होत्या. श्वास घेणाऱ्या बाईची सर्वांत वरची. मग एका बुवांची पहाटेच्या रागाची. तिच्यात बुवांच्या मागे तानपुरा इतका हळू वाजे, की मन लावलं नाही तर तो नाहीच असं वाटावं. तीन मिनिटांत राग संपवायचा म्हणून बुवा शेवटी घाई करत, ती घाईही मला आवडे, गाडी चुकेल म्हणून निघालेल्या माणसासारखी. एक नुसत्या सारंगीची. एक नाटकातल्या पदाची, तिच्यात मध्येच लांबून कोणीतरी "वाहवा" म्हणतं. गाणाऱ्याचं नाव छापलंय, त्याचं नाही, पण मला त्या माणसाविषयी फार आपुलकी होती. आणि एक भजनाची. तिचा कागद खरवडला गेला होता, त्यामुळे गाणारा कोण हे मला कधीच कळलं नाही. या पाचांतलं काय कुठे येतं हे मला पाढ्यांसारखं पाठ होतं. आणि म्हणूनच, काय येईनासं झालं तेही लगेच कळलं.

कान जायला लागले ते तापाच्या औषधानं. पावसाळा सरता सरता, धान निसवायला लागलं की आमच्या भागात घरोघर थंडीताप येई. त्या वर्षी मला आश्विनात धरलं. एका दिवसाआड दुपारी थंडी वाजून यायची, चार घोंगड्या अंगावर घेऊनही दात वाजायचे. बायकोनं गाडीत घालून देवरीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर रायपूरकडचे, हिंदी बोलणारे. त्यांनी कुनैनची मोठी बाटली दिली. बाटलीला कागदाची पट्टी डकवलेली, तिला कातरीनं दातरे पाडलेले, एका दातऱ्याएवढा एक डोस. कडू म्हणजे इतकं कडू की त्यानंतर पाणीही कडू लागे.

तिसऱ्या दिवशी कानात किणकिण सुरू झाली. आठवड्यानं परत गेलो तेव्हा सांगितलं, तर डॉक्टर हसले. "मास्टरजी, कान में घंटी बजती है तो समझो दवा लग रही है."

"आणि घंटी थांबली नाही तर?"

"थम जाएगी. ज्यादातर थम जाती है."

त्या 'ज्यादातर'नं मला घर गाठेपर्यंत छळलं.

श्वास हरवला त्या संध्याकाळी मी स्वतःची समजूत घातली, की दोष सुईचा असेल. युद्धामुळे सुया मिळत नव्हत्या. पोलादाची एक सुई खरं तर एका बाजूपुरती, पण मी ती दगडावर घासून वीस-वीस वेळा वापरत होतो, आणि गेले दोन महिने तर बाभळीचा काटा तासून लावत होतो. काट्यानं आवाज मऊ येतो, लहान येतो. तेव्हा श्वास काट्यानंच गिळला असणार. माझ्याजवळ एक कोरी पोलादी सुई शिल्लक होती, डबीत कापसात गुंडाळून ठेवलेली. दिवाळीला ती वापरायची असं ठरवलं होतं आणि दिवाळीला तापानं पडून होतो.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर दार लोटून घेतलं, डबी उघडली, नवी सुई बसवली. चावी पुरी दिली. बाईची तबकडी लावली आणि डोळे मिटले. आवाज मोठा झाला यात शंका नाही. सारंगी जवळ आली. पण सारंगी संपण्यात आणि गाणं सुरू होण्यात जी फट होती, तिच्यात फक्त माझी किणकिण वाजत होती. मग बुवांची लावली. तानपुरा नव्हता. बुवा एकटेच, उघड्या माळावर गात असल्यासारखे. मी पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावायला हात गेला, तो मागे घेतला, कारण सुई झिजली असती. सुई झिजेल म्हणून काळजी, आणि ऐकायला कान नाहीत.

त्या दिवसापासून मी कुनैन घ्यायचं बंद केलं. बायकोसमोर वाटीत ओतायचो, तोंडाशी नेत बाहेर जायचो, आणि परसात केळीच्या बुंध्याशी ओतून तोंड वाकडं करत परत यायचो. हे चोरून करताना मला लाज वाटत होती, पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. मला वाटे, ताप काय, येतो आणि जातो. कान एकदा गेले की गेले. मी सकाळी उठल्याबरोबर, डोळे उघडण्याच्या आधी, कानोसा घ्यायचो. कोंबडा ऐकू आला तर बरं वाटायचं. मग संशय यायचा, की कोंबडा कालच्यापेक्षा लांब गेलाय का? दिवसभर मी स्वतःची परीक्षा घेत असे. बोटांनी कानाजवळ टिचकी वाजवायची, आधी उजव्या, मग डाव्या. डावा कान अधिक बसला होता.

नवव्या दिवशी दुपारी वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता थंडी वाजायला लागली. मुलांनी धरून घरी आणलं. या वेळचा ताप पहिल्यापेक्षा वाईट होता. मला ओकाऱ्या होत होत्या, भिंत हलताना दिसत होती. बायको शेजारी बसली होती. ती बाटली हातात धरून तिच्याकडे पाहत राहिली. बाटली जवळजवळ रिकामी होती, म्हणजे औषध पोटात गेलं होतं. आणि ताप तर परत आला होता. तिला काहीतरी चुकतंय असं वाटलं असणार. ताप उतरल्यावर तिनं मला सरळ विचारलं, अगदी तोंडाजवळ येऊन, कारण तोवर तिच्याही ध्यानात आलं होतं की मला मोठ्यानं बोलावं लागतं.

"औषध पोटात गेलं का मातीत?"

माझी नजर परसाच्या दाराकडे गेली.

"काऊन ओतलं? सांगा ना!"

मग मी सांगितलं. श्वासाचं सांगितलं, तानपुऱ्याचं सांगितलं. सांगताना माझा आवाज केवढा येतो आहे हेही मला कळत नव्हतं. मला वाटलं ती रागावेल, नाहीतर हसेल. तिनं माझ्या अंगावरची घोंगडी सारखी केली. मग म्हणाली, "गान्यापायी जीव देऊन राहिले होते तुमी. आनि मी? मी अथी कायले आली मंग?"



दुसऱ्या दिवशी ती एकटी पायी दवाखान्यात जाऊन आली. सहा कोस जाणं-येणं. डॉक्टरांना तिनं सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले होते, की मास्तर जिवंत राहिले तर कान कामाचे. औषध घ्यावंच लागेल, पण डोस थोडा कमी करून देतो. बाटली पुढ्यात ठेवून ती म्हणाली, "माह्यासमोर प्या. तोंड उघडून दाखवा."

मी प्यालो. किणकिण परत वाढली. दोन दिवसांत बुवांचा वरचा सूरही पातळ झाला. मी बाज्यावर कापड टाकलं आणि तो कोपऱ्यात सरकवला. तबकड्या ऐकणं म्हणजे रोज उठून काय काय गेलं याचा हिशेब करणं झालं होतं, ते मला सोसेना.

चार-पाच दिवसांनी शाळेतून आलो तर बाजा पडवीत मधोमध. ती त्याच्यासमोर मांडी घालून बसलेली. बाईची तबकडी लावलेली होती. बाजा मी सोडून कोणी हाताळत नसे, चावी किती द्यायची हे तिला ठाऊक असेल असं मला वाटलं नव्हतं. तिनं मला शेजारी बसायची खूण केली आणि माझ्या उजव्या कानाशी तोंड आणलं.

"आता सारंगी वाजून राहिली," ती म्हणाली. "आता थांबली. आता बाई दम घेऊन राहिली." आणि तिनं स्वतः श्वास घेतला, माझ्या कानाला वारा लागला. "झालं. गाऊन राहिली आता."

मी विचारलं, "तुला हे माहीत होतं?"

"मंग? सहा साल झाले आयकून राहिली. चुलीपाशी कान नसतात का?"

तिला सगळं माहीत होतं. नाटकातला तो "वाहवा" म्हणणारा माणूस तिलाही माहीत होता. तो म्हातारा असावा असं तिचं म्हणणं, मी त्याला नेहमी तरुण समजत आलो होतो. पहाटेच्या रागाचा तानपुरा तिनं बोटांनी माझ्या गुडघ्यावर वाजवून दाखवला, चार बोटं, एकामागून एक, मधे थोडं थांबून. भजनात टाळ वाजवणारा एका जागी चुकतो, हे तर मला स्वतःलाही कधी कळलं नव्हतं. रोज संध्याकाळी, दिवा लावायच्या आधी, ती मला एक तबकडी ऐकवू लागली. तिचं ऐकणं माझ्यासारखं नव्हतं. राग कोणता, सम कुठे, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. ती म्हणे, "ही बाई घरी कोनाशी तरी बोलत नसन," किंवा "बुवाले भूक लागली आता." मला हसू येई. पण हसताना भीती तशीच असे, कारण जे ती सांगत होती ते मला ऐकू येत नव्हतं.

त्यातच मार्गशीर्षात शाळेच्या तपासणीला डिप्टीसाहेब आले.

निरोप आदल्या दिवशी आला. बहिऱ्या मास्तराला कोण ठेवतो? चौथीचं वाचन मी असं बेतलं की धडा मला पाठ असलेला असावा. मुलांचे ओठ बघायचे आणि मान हलवायची. पहिला अर्धा तास निभावला. मग साहेबांनी कोतवालाच्या मुलीला उभं केलं. वर्गात ती सगळ्यांत हुशार. त्यांनी तिला काहीतरी विचारलं आणि ती त्यांच्याकडे तोंड करून बोलली, म्हणजे तिची पाठ माझ्याकडे. ती बोलून थांबली, सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, "शाब्बास!"

वर्ग हसला. हसणं मला दिसलं.

तिनं "मला येत नाही, साहेब" असं सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. साहेबांनी चष्मा काढला आणि मला काही विचारलं. मला वाटलं पट विचारतायत. मी म्हणालो, "तेहतीस, साहेब."

त्यांनी विचारलं होतं, "मास्तर, तुम्हाला ऐकू येतं ना?"

ते मला बाहेर मोहाच्या झाडाखाली घेऊन गेले. नागपूरकडचे, वयानं मोठे, कडक म्हणून प्रसिद्ध. त्यांनी मोठ्यानं विचारलं, "हे कधीपासून?" मी ताप आणि कुनैन सगळं सांगितलं. केळीच्या बुंध्याचंही सांगितलं, का कोण जाणे. ते बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "आज शेरेबुकात मी याविषयी काही लिहीत नाही. माघ संपताना पुन्हा येईन. तेव्हाही हे असंच असेल, तर मात्र मला लिहावं लागेल. मुलांचं नुकसान मी करू शकत नाही. समजलं?"

"समजलं," मी म्हणालो. ते अगदी नीट ऐकू आलं होतं.

माघापर्यंतचे ते दोन-सव्वादोन महिने मला अजून बारकाव्यानिशी आठवतात. आधी औषध संपलं. पुढच्या पंधरा दिवसांत ताप आला नाही. किणकिण मात्र तशीच. डॉक्टरांनी "रुको" एवढंच सांगितलं. माझी झोप गेली, खाण्यावरची वासना गेली. मास्तरकी गेली तर करायचं काय, हे मी मनात घोळवत असे. शेती नव्हती. लाखेच्या व्यापाऱ्याकडे माल तोलायचं काम करायचं म्हटलं तरी तिथेही बोललेलं ऐकू यावं लागतं. बायको रोज माझी परीक्षा घेई. मी भिंतीकडे तोंड करून बसायचं, ती मागून कधी तांब्यावर, कधी परातीवर पळी वाजवायची आणि कशावर वाजलं ते मी सांगायचं. पहिले कित्येक दिवस मला दोन्ही एकच वाटत. ती खोटं कधीच बोलली नाही. चुकलं तर "चुकलं" म्हणायची, आणि पुन्हा वाजवायची.

पौष सरता सरता एका सकाळी मी शाळेच्या पडवीत हजेरी घेत होतो. मागं धानाच्या बांधीत कोणीतरी बैलाला हाकत होतं. ते हाकणं मला ऐकू येतंय हे मला दोन-तीन नावं झाल्यावर कळलं. मी हजेरी थांबवली. उजवा कान मोकळा होत होता. पुढच्या आठ दिवसांत तो बराचसा मोकळा झाला. डावा नाही. मी त्याच्याजवळ टिचक्या वाजवून वाजवून बोटांची कातडी लाल केली, पण तो तसाच, कापूस घातल्यासारखा.

माघाच्या शेवटच्या आठवड्यात डिप्टीसाहेब आले. मी मुलांना माझ्या उजव्या हाताला बसवलं होतं. वाचन झालं, पाढे झाले. साहेब बोलता बोलता उठले, वर्गात फिरू लागले आणि माझ्या पाठीमागे गेले. मग तिथून, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मास्तर, ती खिडकी लावून घ्या, ऊन येतंय."

मी उठलो आणि खिडकी लावली.

ते मी कानानं ऐकलं, की समोरच्या तेहतीस पोरांच्या नजरा खिडकीकडे गेलेल्या पाहिल्या, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. साहेबांनी शेरेबुकात वाचन समाधानकारक असं लिहिलं आणि ते निघून गेले. मी घरी येऊन अंगणातल्या खाटेवर बसलो. बायकोनं पाणी आणून दिलं आणि विचारलं, "मास्तरकी राहिली का?"

"राहिली," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी सगळ्या तबकड्या एकामागून एक लावल्या. सारंगी परत आली होती, पूर्ण नाही, पण आली होती. नाटकातला म्हातारा ऐकू आला. भजनातले टाळ ऐकू आले, आणि चुकलेली जागाही. तानपुरा मात्र नव्हता, आणि बाईचा श्वास नव्हता. मी तीन वेळा लावून पाहिली. मग सुई उचलून ठेवली. पुढे कधीतरी तो श्वासही येईल असं मी वर्षभर म्हणत होतो. तो आला नाही. गाणं मात्र येत होतं, आणि ते आता वेगळं वाटायचं.

फाल्गुनात आम्ही गोंदियाला गेलो. तिच्या मावशीकडे लग्न होतं. आमगावपर्यंत बैलगाडी, तिथून रेल्वे. लग्न आटोपल्यावर मी तिला तबकड्यांच्या दुकानात नेलं. ती अशा दुकानात पहिल्यांदाच येत होती. नाकापर्यंत पदर ओढून दाराशी उभी राहिली. मी मनाशी ठरवलं होतं, की एक नवी तबकडी घ्यायची, ज्यात जाड, मोठे आवाज असतील, जे माझ्या कानाला पुरतील. पण दुकानदारानं हात जोडले. "बाबूजी, माल ही नहीं आ रहा लड़ाई में. पुराना रेकॉर्ड दो, तो नया दूंगा. यही कायदा रखा है मैंने."

हे मला ठाऊक होतं. कोणीतरी सांगितलं होतं, म्हणून मी पिशवीत दोन तबकड्या घेऊन आलो होतो, धोतरात गुंडाळून. बाईची मी काउंटरवर ठेवली. मी तसं ठरवूनच आलो होतो. जी ऐकू येत नाही, ती जवळ ठेवून रोज टोचणी कशाला लावून घ्यायची?

बायको दारातून पुढे आली. पदर मागे सरकला तरी तिच्या ध्यानात नव्हतं.

"हे काय देऊन राहिले?"

"मला आता यातलं काही ऐकू येत नाही," मी हळू म्हणालो.

"तुमाले नाही येत. मले येते ना!"

दुकानदार आमच्याकडे पाहू लागला. तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली, आत हात घातला आणि दुसरी तबकडी काढून समोर ठेवली. ती हसण्याची होती. ती मी का आणली होती, हे मी इथे सांगून टाकतो. बाईची द्यायची हिंमत ऐनवेळी झाली नाही, तर हिची हसण्याची देऊ, तिला नंतर समजावू, असा माझा विचार होता. तिला तो पिशवीत हात घालताच कळला असणार.

"ही देऊ नको," मी म्हणालो. "ही तुझी आहे."

"मले तोंडपाठ हाये ते," ती म्हणाली. "हे घ्या जी दुकानदार."

नंतर तिनं नवी निवडली. दुकानदार लावत गेला, ती ऐकत गेली. पहिल्या दोन तिनं मान हलवून परत केल्या. एकीविषयी म्हणाली, "आवाज गोड हाये, पन मनातून नाई गाऊन राहिला तो." तिसरी तिनं शेवटपर्यंत ऐकली. तो शहनाईचा तुकडा होता, मागे चौघडा. मला चौघडा स्वच्छ ऐकू येत होता, शहनाई अधूनमधून.

"हे," ती म्हणाली.

परतीच्या गाडीत खूप गर्दी होती. तबकडी मी मांडीवर आडवी धरली होती आणि कोणी रेटा दिला की माझा जीव खाली-वर होई. आमगावला बैलगाडीत बसलो तेव्हा तिनं ती माझ्याकडून घेतली, लुगड्याच्या दोन पदरांत गुंडाळली आणि पोटाशी धरून बसली. गाडीवान म्हणाला, बाई, आत काय अंडी आहेत काय? ती म्हणाली, "अंडीच समज आनि बैल हळू हाक." रस्ता वाईट होता. प्रत्येक खड्ड्याला मी तिच्याकडे बघे आणि ती मान हलवून सांगे, की फुटली नाही. असं पाच-सहा तास चाललं. गाव जवळ आलं तसं माझ्या मनात आलं, की ही तबकडी मला आवडलीच नाही तर? तिची तबकडी देऊन घेतलेली, आणि मला आवडली नाही, तर ते मला तिच्यापासून लपवता येईल का?

मला ती आवडायला दोन महिने लागले. हे मी तिला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "मले त अजूनही नाही आवडली. तुमच्या कानासाठी घेतली होती."